किफायतशीर गेमिंग व होम थिएटर संगणक

किफायतशीर गेमिंग व होम थिएटर संगणक म्हणजे सुटे भाग जुळवून तयार केलेला असा वैयक्तिक संगणक, जो मर्यादित खर्चात संगणकीय खेळ चालवतो आणि दूरचित्रवाणी संचाला जोडून चित्रपट, मालिका व संगीत यांसाठीही वापरला जातो. भारतात अशा संगणकास सर्वसाधारणपणे ‘असेंबल्ड संगणक’ म्हणतात. ज्या पेटीत सर्व भाग बसवले जातात तिला ‘कॅबिनेट’, तर वीजपुरवठा एककाला ‘एसएमपीएस’ म्हणण्याची बाजारात प्रथा आहे.

या संगणकाकडून दोन भिन्न कामांची अपेक्षा असते. खेळांसाठी ग्राफिक्सची क्षमता लागते. चित्रपटांसाठी शांत पंखे, आधुनिक व्हिडिओ स्वरूपे उलगडण्याची सोय आणि योग्य जोडण्या लागतात. दोन्ही कामे अल्प खर्चात साधायची असल्याने एका भागावर जास्त पैसा गेला की दुसरा भाग दुबळा राहतो, आणि संपूर्ण संगणकाची उपयुक्तता त्या दुबळ्या भागाएवढीच उरते. ग्रामीण महाराष्ट्रात हा दुबळा दुवा अनेकदा संगणकाच्या बाहेर, म्हणजे घरातील वीजजोडणीत व इंटरनेटच्या वेगात असतो. अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील, अहिल्यानगर–सोलापूर मार्गावरील मिरजगावसारख्या गावातील कुटुंबाची गरज त्यामुळे मुंबई-पुण्यातील ग्राहकाच्या गरजेपेक्षा काही बाबतींत वेगळी ठरते.

पार्श्वभूमी

भारतात सुट्या भागांचा व्यापार मोठ्या शहरांतील ठरावीक बाजारपेठांभोवती वाढला. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळील लॅमिंग्टन रोड हे त्याचे प्रमुख केंद्र होय. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्ली व तिचा परिसर विद्युत व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, चेन्नईचा रिची स्ट्रीट आणि बंगळूरचा एस. पी. रोड ही याच प्रकारची अन्य केंद्रे आहेत. ऑनलाइन विक्रीचा प्रसार झाल्यावर लहान गावांतही हे भाग घरपोच मिळू लागले. तथापि जुळणी, दुरुस्ती व हमीची सेवा यांसाठी ग्राहकास बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी अथवा त्याहून मोठ्या शहरात जावे लागते.

भागांच्या किमती जागतिक घडामोडींनुसार बदलतात. २०२० ते २०२२ या काळात महासाथीमुळे विस्कळीत झालेला पुरवठा आणि कूटचलनाचे ‘मायनिंग’ यांमुळे ग्राफिक्स कार्डांची तीव्र टंचाई होती. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने आपली कार्यपद्धती बदलल्यानंतर त्यासाठीचे मायनिंग थांबले आणि वापरलेली कार्डे मोठ्या प्रमाणात बाजारात आली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडून मागणी वाढल्याने रॅमच्या किमती जगभर झपाट्याने चढल्या. त्यामुळे एखाद्या वर्षी किफायतशीर ठरलेली भागांची यादी पुढील वर्षी तशीच लागू पडत नाही. निवडीची तत्त्वे मात्र टिकून राहतात.

पडदा: निवडीचा आरंभबिंदू

संगणक कोणत्या पडद्याला जोडला जाणार आहे, यावर पुढील बहुतेक निर्णय अवलंबून असतात. फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख चित्रबिंदू असतात. ४के पडद्यावर ३८४० × २१६० म्हणजे सुमारे ८२.९ लाख. बिंदूंची संख्या चौपट झाली की त्याच खेळासाठी ग्राफिक्स कार्डावरील भारही मोठ्या प्रमाणात वाढतो. चित्रपटाच्या बाबतीत मात्र हा भार व्हिडिओ उलगडणारा स्वतंत्र विभाग पेलत असल्याने साधा संगणकही ४के चित्रपट दाखवू शकतो.

यावरून अल्प खर्चातील संगणकासाठी प्रचलित तडजोड अशी आहे : दूरचित्रवाणी संच ४के असला तरी चित्रपट ४के मध्ये पाहावेत आणि खेळ १०८०पी मध्ये चालवावेत. ४के ची लांबी व रुंदी १०८०पीच्या नेमकी दुप्पट असल्याने दूरच्या सोफ्यावरून पाहताना हा फरक फारसा खटकत नाही. एएमडीचे एफएसआर, एनव्हिडियाचे डीएलएसएस व इंटेलचे एक्सईएसएस ही तंत्रे कमी बिंदूंचे चित्र मोठे करून दाखवण्यास साहाय्य करतात. त्यांपैकी डीएलएसएस केवळ एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतील कार्डांवर चालते.

दूरचित्रवाणी संचाचा ‘गेम मोड’ सुरू नसल्यास चित्रावरील प्रक्रियेमुळे बटण दाबणे आणि पडद्यावर हालचाल दिसणे यांत जाणवण्याजोगा विलंब होतो. याचा दोष अनेकदा संगणकाला दिला जातो; प्रत्यक्षात तो संचाच्या मांडणीतील असतो.

ग्राफिक्स

ग्राफिक्सची सोय दोन प्रकारे होते : प्रोसेसरमध्येच अंतर्भूत ग्राफिक्स अथवा स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड.

अंतर्भूत ग्राफिक्स असलेले प्रोसेसर सर्वांत कमी खर्चात दोन्ही कामे करतात. एएमडीचा रायझन ५ ५६००जी (२०२१) हा सहा गाभ्यांचा प्रोसेसर जुने व हलके खेळ मध्यम दर्जावर चालवतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या रायझन ५ ८६००जी मधील ग्राफिक्स बरेच अधिक सक्षम आहे. परंतु त्यास नवा मदरबोर्ड व महागडी डीडीआर५ रॅम लागते.

स्वतंत्र कार्ड निवडताना केवळ त्यावरील मेमरीचा आकडा पाहणे फसवे ठरते. पुढील चार बाबी एकत्र तपासल्या जातात :

• चित्रमेमरी : नव्या खेळांसाठी ४ जीबी अपुरी पडू लागली आहे, १०८०पी साठी ८ जीबी हे सुरक्षित प्रमाण मानले जाते.
• जोडणीच्या मार्गिका : कार्ड व मदरबोर्ड यांमधील पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची रुंदी.
• व्हिडिओ उलगडण्याची क्षमता : विशेषतः एव्ही१ या स्वरूपाची.
• विजेची गरज : मदरबोर्डच्या खाचेतून कार्डास कमाल ७५ वॅट मिळतात, त्याहून अधिक लागल्यास एसएमपीएसमधून स्वतंत्र जोडणी द्यावी लागते. सहा पिनांची जोडणी ७५ वॅट व आठ पिनांची १५० वॅट पुरवते.

या बाबी एकत्र न पाहिल्यास काय होते, याचे उदाहरण म्हणजे जानेवारी २०२२ मध्ये आलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी. या कार्डावर ४ जीबी मेमरी व केवळ चार मार्गिका आहेत आणि एव्ही१ उलगडण्याची सोय नाही. पीसीआय एक्स्प्रेस ४.० च्या मदरबोर्डवर ते समाधानकारक चालते. ५६००जी सारख्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० पुरत्या मर्यादित प्रोसेसरसोबत त्याच चार मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि मेमरी भरल्यावर खेळ अडखळतो. याउलट २०२१ मधील आरएक्स ६६०० या कार्डावर ८ जीबी मेमरी, आठ मार्गिका व एव्ही१ची सोय असून त्याची वीजगरज सुमारे १३२ वॅट आहे. फेब्रुवारी २०२४ मधील आरटीएक्स ३०५० ची ६ जीबी आवृत्ती ७० वॅटमध्ये चालते, म्हणून स्वतंत्र वीजजोडणी नसलेल्या संगणकातही ती बसवता येते. डिसेंबर २०२४ मधील इंटेल आर्क बी५८० वर १२ जीबी मेमरी आहे. मात्र मदरबोर्डवर ‘रिसायझेबल बार’ ही सोय नसल्यास तसेच प्रोसेसर जुना असल्यास त्याची कामगिरी घटते.

व्हिडिओ स्वरूपे

चित्रपटाची फाइल अथवा प्रवाह ज्या स्वरूपात संकुचित केलेला असतो, ते स्वरूप ग्राफिक्सच्या यंत्रणेत उलगडता आले पाहिजे. अन्यथा तो भार प्रोसेसरवर पडतो, पंखे मोठ्याने फिरू लागतात आणि चित्र अडखळू शकते. एच.२६४ (२००३) सर्वत्र चालते. एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ व व्हीपी९ ही दोन्ही २०१३ मधील स्वरूपे गेल्या काही वर्षांतील बहुतेक भागांवर चालतात. एव्ही१ (२०१८) हे स्वामित्वशुल्कमुक्त स्वरूप असून यूट्यूब व अन्य सेवा त्याचा वापर वाढवत आहेत. कमी डेटात समान दर्जाचे चित्र मिळत असल्याने मर्यादित इंटरनेट असलेल्या घरासाठी एव्ही१ला विशेष महत्त्व आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या डेस्कटॉप प्रोसेसरांतील अंतर्भूत ग्राफिक्समध्ये एव्ही१ उलगडण्याची सोय आहे. रायझन ५ ५६००जी मध्ये ती नाही, ८६००जी मध्ये आहे.

प्रोसेसर व मदरबोर्ड

किफायतशीर संगणकासाठी चार ते सहा गाभ्यांचा प्रोसेसर सामान्यतः पुरतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असल्यास त्यात अंतर्भूत ग्राफिक्स नसते. उदाहरणार्थ, कोअर आय३-१२१००एफ स्वस्त पडतो; परंतु ग्राफिक्स कार्ड बिघडले तर दुरुस्ती होईपर्यंत पडद्यावर काहीच दिसत नाही. ‘एफ’ नसलेल्या आय३-१२१०० वर अशा वेळी चित्रपट, अभ्यास व इतर कामे सुरू राहतात, शिवाय एव्ही१चीही सोय होते. जेथे कार्ड हमीअंतर्गत पाठवून परत येण्यास अनेक आठवडे लागू शकतात, तेथे हा किमतीतील फरक एक प्रकारचा विमा ठरतो.

मदरबोर्ड प्रोसेसरच्या सॉकेटनुसारच घ्यावा लागतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर डीडीआर४ रॅम चालते, तर २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटवर केवळ डीडीआर५. इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचे मदरबोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात. परंतु सामान्यतः एका मदरबोर्डवर एकाच प्रकारची रॅम बसते. एएम४ वरील गुंतवणूक आज स्वस्त पडते, पुढे प्रोसेसर बदलण्याची शक्यता मात्र एएम५ वर अधिक असते.

अंतर्भूत ग्राफिक्स वापरताना चित्र मदरबोर्डवरील एचडीएमआय खाचेतून बाहेर पडते, त्यामुळे त्या खाचेची आवृत्ती तपासणे आवश्यक असते. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच मिळते. ६० चौकटींसाठी एचडीएमआय २.० लागते. अनेक स्वस्त मदरबोर्डांवर अजूनही १.४ हीच आवृत्ती आढळते. २४ चौकटींच्या चित्रपटास ती पुरते. माउसची हालचाल व खेळ मात्र त्यावर अडखळत दिसतात.

रॅम

खेळांसाठी १६ जीबी रॅम हे सध्याचे सर्वमान्य प्रमाण आहे. ती १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घेतल्यास दोन्ही मार्ग एकाच वेळी वापरात येतात. डीडीआर४-३२०० च्या एका मार्गाचा कमाल वेग सेकंदाला २५.६ जीबी असतो, दोन मार्गांचा ५१.२ जीबी. अंतर्भूत ग्राफिक्स स्वतःची मेमरी नसल्याने याच रॅमचा उपयोग करते. म्हणून एकाच पट्टीवर चालणारा ५६००जी किंवा ८६००जी आपली बरीचशी ग्राफिक्स क्षमता गमावतो. रॅम महाग असलेल्या काळात दुकानातील कोटेशनमध्ये एकच पट्टी दाखवून किंमत कमी केलेली असते, ही बाब प्रथम तपासण्याजोगी आहे.

साठवण

कार्यप्रणाली व खेळ यांसाठी एसएसडी वापरली जाते. साटा प्रकारच्या एसएसडीचा वेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर पीसीआय एक्स्प्रेस ३.० वरील एनव्हीएमई एसएसडीचा सुमारे ३,५०० एमबीपर्यंत असतो. खेळ सुरू होण्याच्या वेळेत हा फरक आकड्यांच्या प्रमाणात दिसत नाही, त्यामुळे दोहोंच्या किमतीत थोडाच फरक असेल तरच वेगाला प्राधान्य दिले जाते.

साठवणीची क्षमता ठरवताना घरातील इंटरनेटचा विचार करावा लागतो. आजचे अनेक मोठे खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापतात. सेकंदाला ४० मेगाबिटच्या अखंड जोडणीवर १०० जीबी उतरवण्यास सुमारे साडेपाच तास लागतात. दररोज २ जीबीची मर्यादा असलेल्या मोबाइल योजनेवर तेवढ्याच डेटासाठी ५० दिवस लागतील. शहरात जागा कमी पडल्यास खेळ काढून पुन्हा उतरवणे सोपे असते, तर फायबर जोडणी न पोहोचलेल्या वस्तीवर एकदा उतरवलेला खेळ जपून ठेवावा लागतो. म्हणून अशा घरासाठी ५०० जीबीच्या वेगवान एसएसडीपेक्षा १ टीबीची साधी एसएसडी, अथवा लहान एसएसडीसोबत चित्रपट व खेळांच्या संग्रहासाठी एक हार्ड डिस्क, ही मांडणी अधिक उपयुक्त ठरते. हार्ड डिस्कवरील खेळ आवश्यकतेनुसार एसएसडीवर हलवता येतो.

वीजपुरवठा

एसएमपीएस हा भाग खेळाच्या वेगात कोठेही दिसत नाही, त्यामुळे खर्च कमी करताना पहिली कात्री त्यालाच लागते. तो निकामी होताना मदरबोर्ड, कार्ड व डिस्क यांनाही हानी पोहोचवू शकतो. कॅबिनेटसोबत मोफत मिळणाऱ्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट अनेकदा प्रत्यक्ष क्षमतेशी जुळत नाहीत. ‘८० प्लस’ हे प्रमाणचिन्ह असलेला एसएमपीएस २०, ५० व १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता देतो. ६५ वॅटचा प्रोसेसर व सुमारे १३० वॅटचे कार्ड असलेल्या संगणकास चांगल्या दर्जाचा ४५० ते ५०० वॅटचा एसएमपीएस पुरेसा असतो.

विद्युत दाब व भारनियमन. भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा असतो. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात गावठाणासाठी व कृषिपंपांसाठी स्वतंत्र फीडर करण्याची योजना राबवली गेली. तरी शेतावरील वस्त्यांना अनेक ठिकाणी कृषी फीडरवरूनच वीज मिळते. पंप सुरू-बंद होताना तेथे दाब खालीवर होतो. १०० ते २४० व्होल्ट स्वीकारणारा एसएमपीएस कमी दाबात टिकून राहतो. केवळ २०० ते २४० व्होल्टसाठी बनवलेला एसएमपीएस अशा वेळी संगणक बंद पाडतो. म्हणून वॅटच्या आकड्याइतकाच एसएमपीएसवरील ‘इनपुट’चा आकडाही वाचला जावा लागतो.

यूपीएस. बाजारातील सामान्य ६०० व्हीए यूपीएसची प्रत्यक्ष क्षमता सुमारे ३६० वॅट असते. त्यातील १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदोपत्री ८४ वॅट-तास ऊर्जा असते. २०० वॅट भारावर ती गणिताने २५ मिनिटे पुरावी. परंतु एवढ्या जलद वापरात प्रत्यक्ष वेळ त्याच्या निम्म्याहूनही कमी भरते. यूपीएसचा उद्देश खेळ चालू ठेवणे हा नसून फाइल जतन करून संगणक व्यवस्थित बंद करणे हा आहे. घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवायचा असल्यास ‘प्युअर साइन वेव्ह’ प्रकार योग्य समजला जातो. चौकोनी तरंगाच्या इन्व्हर्टरवर काही आधुनिक एसएमपीएस अचानक बंद पडतात.

अर्थिंग. अर्थिंग नसलेल्या घरात संगणकाच्या धातूच्या कॅबिनेटला हात लावल्यास झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधील गाळणीची धारित्रे कॅबिनेटवर काही दाब निर्माण करतात आणि तो जमिनीत जाण्यास मार्ग नसतो, हे त्याचे कारण होय. अशा स्थितीत संगणक व दूरचित्रवाणी संच सुरू असताना एचडीएमआय वायर जोडल्यास दोहोंपैकी एकाची खाच जळण्याचा धोका असतो. संचाला छतावरील डिशची वायर जोडलेली असल्यास तो अधिक वाढतो. दोन्ही उपकरणे एकाच अर्थिंगयुक्त बोर्डवरून चालवणे आणि वायर जोडताना दोन्ही बंद ठेवणे हा त्यावरील साधा उपाय आहे. कर्जतसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते आणि मिठा-कोळशाच्या पारंपरिक अर्थिंगचा रोध वाढतो. त्यामुळे त्या खड्ड्यात वेळोवेळी पाणी घालावे लागते. पावसाळ्यापूर्वीच्या वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्यावर वीज, डिश व इंटरनेट या तिन्ही वायरी काढून ठेवणे सर्वांत खात्रीचे संरक्षण होय. केवळ मुख्य वीज बंद करून नेटवर्कची वायर तशीच ठेवल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

कॅबिनेट, उष्णता व धूळ

अहिल्यानगर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पंख्यावर चालणारी शीतन यंत्रणा भागांचे तापमान खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत त्याच भारावर सुमारे ८५ अंशांपर्यंत जाते. त्यामुळे परदेशी चाचण्यांतील आकडे येथील उन्हाळ्यास जसेच्या तसे लागू होत नाहीत.

समोरून पूर्ण काच असलेल्या दिखाऊ कॅबिनेटपेक्षा जाळीदार दर्शनी भाग व काढून धुता येणारी धूळगाळणी असलेले कॅबिनेट अशा हवामानास योग्य ठरते. १२० मिलिमीटर व्यासाचे पंखे मंद गतीने पुरेशी हवा खेळवतात, त्यामुळे चित्रपट पाहताना त्यांचा आवाज जाणवत नाही. मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड (२४४ × २४४ मिमी) व त्यास साजेसे कॅबिनेट हा खर्च व आकार यांतील मध्यम मार्ग आहे. मिनी-आयटीएक्स (१७० × १७० मिमी) दूरचित्रवाणी संचाखालील कपाटात शोभून दिसते. परंतु ते महाग असते आणि बंद कपाटात लवकर तापते.

होम थिएटरची जोडणी

४के चित्र ६० चौकटींनी पाठवण्यास सेकंदाला १८ गिगाबिट क्षमतेची ‘प्रीमियम हाय स्पीड’ एचडीएमआय वायर लागते. वायर जितकी लांब, तितकी चित्र तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून संगणक संचाजवळ ठेवून कीबोर्ड व गेमपॅड बिनतारी घेणे स्वस्त पडते.

बहुवाहिनी ध्वनीसाठी संगणकाची एचडीएमआय वायर प्रथम ध्वनिप्रवर्धकाला व तेथून संचाला जोडण्याची पद्धत आहे. संचातून साउंडबारकडे परत येणाऱ्या साध्या ‘एआरसी’ मार्गाने असंकुचित ५.१ ध्वनी जात नाही. त्यासाठी ‘ईएआरसी’ लागते. संचाच्या रिमोटने उपकरण चालवणारी सीईसी ही सोय बहुतेक ग्राफिक्स कार्डांवर नसते, त्यामुळे बिनतारी कीबोर्ड किंवा मोबाइलवरील रिमोटचा वापर केला जातो.

संग्रहातील चित्रपटांसाठी कोडी, व्हीएलसी व जेलीफिन ही मुक्त सॉफ्टवेअरे प्रसिद्ध आहेत. कोडीचा आरंभ २००२ मध्ये एक्सबॉक्स मीडिया प्लेअर या नावाने झाला व २०१४ मध्ये त्यास सध्याचे नाव मिळाले. सशुल्क प्रवाह सेवांच्या बाबतीत संगणक दूरचित्रवाणी संचाच्या मागे पडतो. त्यांवरील ४के चित्रासाठी एचडीसीपी २.२ संरक्षण, ठरावीक ब्राउझर किंवा अ‍ॅप व विंडोज कार्यप्रणाली यांची अट असते. लिनक्सवर बहुधा कमी दर्जाचे चित्र मिळते. खेळांच्या बाबतीत व्हॉल्व्ह कंपनीच्या प्रोटॉनमुळे (२०१८) विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले आहेत; परंतु फसवणूकविरोधी यंत्रणा असलेले काही ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीत.

वापरलेले व बनावट भाग

कार्यालयांतून निघालेले ब्रँडेड संगणक अल्प दरात मिळतात. त्यांत ७५ वॅटच्या आतील कार्ड बसवून खेळांसाठी वापरणे ही प्रचलित युक्ती आहे. मात्र अशा संगणकांचा एसएमपीएस अनेकदा कंपनीच्या खास जोडणीचा असतो आणि तो सहज बदलता येत नाही. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० मालिका व त्यापुढील प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागते. त्याहून जुना संगणक घेताना हा मुद्दा किमतीत धरावा लागतो.

वापरलेल्या सर्व्हरमधील झिऑन प्रोसेसर व त्यांसाठी नव्याने बनवलेले अनोळखी मदरबोर्ड यांचे संचही स्वस्तात विकले जातात. गाभ्यांची संख्या मोठी असली तरी जुन्या प्रोसेसरांच्या या संचांची वीजगरज जास्त असते, अंतर्भूत ग्राफिक्स नसते आणि हमी बहुधा विक्रेत्याच्या शब्दापुरती असते.

जुन्या चिपवरील सॉफ्टवेअर बदलून तिला नव्या कार्डाचे नाव देण्याचे प्रकारही आढळतात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर २०१८ पासून अशी अनेक बनावट एनव्हिडिया कार्डे ओळखते. वापरलेले कार्ड घेण्यापूर्वी ते पूर्ण भारावर किमान अर्धा तास चालवून पाहण्याचा सल्ला दिला जातो.

खरेदी, कर व हमी

संगणकाच्या सुट्या भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. ३२ इंचांहून मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील व मॉनिटरवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. बिलाशिवाय खरेदी केल्यास कराएवढी सूट मिळाल्यासारखी वाटते. परंतु ग्राफिक्स कार्ड, एसएसडी व रॅम यांची हमी अनुक्रमांक असलेल्या बिलावरच मागता येत असल्याने बचतीपेक्षा जोखीम मोठी असते. प्रत्येक भागाचा अनुक्रमांक बिलावर लिहून घेणे हिताचे असते.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहक स्वतः जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करू शकतो. मुंबईच्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतलेल्या भागाविषयी मिरजगावच्या रहिवाशाला त्यामुळे अहिल्यानगर येथेच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस शुल्क नाही. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करता येते. निकामी भागांची विल्हेवाट १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्रामार्फत करणे अपेक्षित आहे.

खर्चाची विभागणी

किमती बदलत असल्याने रकमेपेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. सर्वसाधारणपणे पुढील तीन पायऱ्या प्रचलित आहेत :

• पहिली पायरी, कार्डाविना : अंतर्भूत ग्राफिक्सचा प्रोसेसर, दोन पट्ट्यांत १६ जीबी रॅम, एसएसडी व दर्जेदार एसएमपीएस. चित्रपट, अभ्यास व हलके खेळ यांसाठी पुरेशी.
• दुसरी पायरी, लहान कार्डासह : आय३-१२१०० सारखा प्रोसेसर व ७५ वॅटच्या आतील कार्ड. कमी वीज, कमी उष्णता व कमी आवाज.
• तिसरी पायरी, १०८०पी खेळांसाठी : चार ते सहा गाभ्यांचा प्रोसेसर, ८ जीबी अथवा अधिक मेमरीचे कार्ड व ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस. येथे कार्डावर एकूण खर्चाचा सुमारे एक-तृतीयांश भाग जातो.

पैसे एकदम उपलब्ध नसल्यास पहिल्या पायरीचा संगणक तिसऱ्या पायरीच्या एसएमपीएससह जुळवून घेतला जातो आणि कार्ड पुढच्या हंगामात घेतले जाते. तोवर संगणक निकामी पडून राहत नाही. यूपीएस, वायर व अर्थिंगची दुरुस्ती यांचा खर्च सुरुवातीच्याच अंदाजात धरला नाही, तर तो अखेरीस एसएमपीएस अथवा रॅममधून कापला जातो.

चालवण्याचा खर्च तुलनेने कमी असतो. २५० वॅट घेणारा संगणक दररोज दोन तास खेळासाठी वापरल्यास महिन्याला सुमारे १५ युनिट वीज लागते. ५० वॅटवर रोज तीन तास चित्रपट पाहिल्यास सुमारे साडेचार युनिट.

मर्यादा व पर्याय

केवळ प्रवाह सेवांवरील चित्रपट पाहायचे असल्यास स्मार्ट दूरचित्रवाणी संच किंवा त्यास जोडायची छोटी स्ट्रीमिंग स्टिक पुरते. त्यासाठी संगणक घेणे किफायतशीर नाही. केवळ खेळांसाठी गेमिंग कन्सोल हा सोपा पर्याय आहे. एकाच यंत्रावर खेळ, चित्रपट, शालेय अभ्यास व ऑनलाइन कामे होणार असतील आणि भाग एकेक करून बदलत ते यंत्र अनेक वर्षे वापरायचे असेल, तेव्हा जुळवलेला संगणक या पर्यायांहून सरस ठरतो.

हे सुद्धा पहा

• वैयक्तिक संगणक
• ग्राफिक्स कार्ड
• मदरबोर्ड
• एचडीएमआय
• मिरजगाव
• कर्जत तालुका (अहिल्यानगर जिल्हा)